पडद्यावरचे अडीचशे मीटर

स्वित्झर्लंडमधलं एंगाडीन खोरं. उन्हाळ्यातली दुपार कलायला लागली आहे आणि दिवसभर ग्लायडरला उचलून धरणारे गरम हवेचे झोत, म्हणजे थर्मल, मंदावले आहेत. झेर्नेत्स गाव मागे टाकून एक ग्लायडर सामेदानच्या विमानतळाकडे निघालं आहे. समुद्रसपाटीपासून उंची २६०० मीटर, विमानतळ अजून १८ किलोमीटर लांब, आणि समोरून मालोया खिंडीकडून खोऱ्यात उतरणारा वारा. इंजिन नाही. उतरताना अंदाज चुकला तर पुन्हा वर जाऊन दुसरी फेरी मारण्याची सोय नाही. वैमानिकासमोरच्या वीतभर पडद्यावर सामेदानच्या नावापुढे एक आकडा झळकतो आहे : +२५०. आत्ता आहे तसं सरळ गेलं, तर विमानतळावर पोचताना जमिनीपासून अडीचशे मीटर उंची शिल्लक असेल, असं संगणक सांगतो आहे.

हा आकडा कुठून आला? पुण्यात हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवरून विंचच्या दोरानं वर खेचलं जाणारं ग्लायडर आपल्यापैकी काहींनी पाहिलं असेल. दोर सुटला की ते सतत खालीच येत असतं, पण फार सावकाश. चांगलं ग्लायडर शांत हवेत एक मीटर उंची खर्चून चाळीस मीटर पुढे जातं. म्हणजे १८ किलोमीटरला ४५० मीटर उंची खर्च. सामेदान १७०७ मीटर उंचीवर आहे, तेव्हा हाताशी आहेत ८९३ मीटर, आणि शिल्लक राहायला हवेत ४४३. पण ग्लायडरचा वेग ताशी १०० किलोमीटर आणि समोरचा वारा ताशी ३० असेल, तर जमिनीच्या हिशेबानं ते ताशी सत्तरनंच पुढे सरकतं. चाळीसाचे अठ्ठावीस होतात, खर्च ६४३ मीटरवर जातो आणि उरतात ते हे अडीचशे. वाटेत हवा वर किंवा खाली जाणार असेल, तर वेग किती ठेवावा याचं गणित अमेरिकेच्या पॉल मॅक्रेडी यांच्या नावानं ओळखलं जातं. १९५६ साली ग्लायडिंगचे विश्वविजेते झालेले आणि पुढे माणसाच्या पायांच्या बळावर उडणारं विमान बनवणारे हेच ते मॅक्रेडी. त्यांच्या काळात हे गणित व्हेरिओमीटरभोवतीच्या, म्हणजे वर-खाली जाण्याचा वेग दाखवणाऱ्या तबकडीभोवतीच्या फिरत्या कड्यावर आणि गुडघ्यावरच्या नकाशावर चाले. आज एक्ससीसोअरसारखी मोफत प्रणाली ते साध्या फोनवर करून देते.

वारा संगणक स्वतः मोजतो. स्वतःची जागा आणि उंची त्याला उपग्रहांकडून आणि हवेच्या दाबावरून कळते. पण सामेदान कुठे आहे आणि किती उंचीवर आहे, हे त्याला कळायचा काहीच मार्ग नसतो. ते कुणीतरी त्याला आधी लिहून दिलेलं असतं.

हे लिहून देणं किती साधं असतं, ते पाहण्यासारखं आहे. ग्लायडरवाल्यांत सर्वांत जास्त चालणाऱ्या ‘कप’ प्रकारच्या फाइलीत एका ठिकाणासाठी मजकुराची एकच ओळ असते, स्वल्पविरामांनी तोडलेली. नाव, सांकेतिक नाव, देश, अक्षांश, रेखांश, उंची, ठिकाणाचा प्रकार, धावपट्टीची दिशा, तिची लांबी, रेडिओची कंप्रता, आणि शेवटी वर्णनाचे चार शब्द. वाण्याच्या वहीतल्या नोंदीएवढी ती ओळ. सामेदानचा अक्षांश तिच्यात ४६३२.०६७ असा दिसेल. वाचायचा मात्र ४६ अंश आणि ३२.०६७ मिनिटं. घाईत हाच आकडा कुणी ४६.३२०६७ अंश असा समजून उतरवला, तर विमानतळ जवळजवळ २४ किलोमीटर दक्षिणेला सरकतो. चार हजार मीटरहून उंच बर्निना पर्वताच्या पलीकडे, इटलीत. इतकी मोठी चूक निदान नकाशावर डोळ्यांना खुपते. खरी भीती उंचीच्या रकान्याची. या फाइलीत आकड्यापुढे एकक लिहावं लागतं. १७०७ पुढे मीटरऐवजी फूट पडलं, की सामेदान संगणकाच्या लेखी ५२० मीटरवर येतं. नकाशावर ठिपका अचूक जागी, नाव बरोबर, आणि शिल्लक उंचीत मात्र ११८७ मीटरची खोटी भर. चाळीसास एक या हिशेबानं ही जवळजवळ ४७ किलोमीटरची न मिळालेली मजल आहे. पडद्यावर ती हिरव्या रंगात दिसते.

प्रकाराचा रकानाही असाच. त्यात १ म्हणजे साधी खूण, २ म्हणजे गवताची धावपट्टी, ३ म्हणजे अडचणीत उतरण्याजोगं शेत, ४ म्हणजे ग्लायडिंगचं मैदान, ५ म्हणजे पक्की धावपट्टी. याच एका अंकावरून संगणक ठरवतो की इथे उतरता येईल की नाही.

आणि ठिकाणं बदलतात. ३० मार्च २००३ च्या रात्री शिकागोच्या महापौरांनी मिशिगन सरोवराकाठच्या मेग्ज विमानतळावर यंत्रं पाठवून धावपट्टीवर मोठ्या फुल्या खोदून घेतल्या. तिथे उभी असलेली सोळा विमानं अडकून पडली. आदल्या दिवशीपर्यंत भरलेल्या प्रत्येक यादीत ती धावपट्टी शाबूत होती. बर्लिनचा टेम्पेलहोफ विमानतळ ऑक्टोबर २००८ मध्ये बंद झाला, पण त्याच्या धावपट्ट्या आजही वरून स्वच्छ दिसतात. त्यांच्यावर आता लोक सायकली चालवतात, पतंग उडवतात. जुनी यादी आणि वैमानिकाचे डोळे, दोन्ही तिथे एकच चुकीची साक्ष देतील.

काही बदल दिसतही नाहीत. धावपट्टीचा क्रमांक चुंबकीय दिशेवरून ठरतो आणि पृथ्वीचं चुंबकीय उत्तर टोक सरकत राहतं. त्यामुळे लंडनजवळच्या स्टॅन्स्टेड विमानतळाची ०५ क्रमांकाची धावपट्टी २००९ साली ०४ झाली. डांबर एक इंचही हललं नव्हतं. युरोपात रेडिओच्या वाहिन्यांमधलं अंतर २५ किलोहर्ट्झवरून त्याच्या एक तृतीयांशावर, म्हणजे ८.३३ वर आणलं गेलं, आणि १२२.५०० या जुन्या वाहिनीची अरुंद आवृत्ती १२२.५०५ म्हणून ओळखली जाऊ लागली. अशा असंख्य छोट्या मैदानांच्या कंप्रता यादीत बदलाव्या लागल्या. उतरताना आपण बोलतोय आणि खाली कुणी ऐकतच नाही, असं होण्याला एवढा एक जुना अंक पुरतो.

मोठ्या विमानसेवांसाठी याची शिस्त केव्हाच बसली आहे. जगभरातले महत्त्वाचे बदल दर २८ दिवसांनी, ठरलेल्या गुरुवारी, एकदमच अमलात येतात आणि त्यांची माहिती आधीच सगळीकडे पोचवलेली असते. ग्लायडरला लागणाऱ्या जागा मात्र बहुतेकदा या शिस्तीच्या बाहेरच्या. क्लबचं गवताचं मैदान, नदीकाठचं लांब शेत, डोंगरातली खिंड, वळणबिंदू म्हणून धरलेला चर्चचा कळस. यांची अशी नोंद सरकारं सहसा ठेवत नाहीत. ती ठेवतात ते उडणारेच. इंटरनेटवर वळणबिंदूंची देवाणघेवाण वर्षानुवर्षं स्वयंसेवकांच्या बळावर चालू आहे आणि ओपनएआयपी हा विमानतळांचा, हवाई हद्दींचा मोफत साठाही लोकांनी मिळून भरलेला आहे. कुणी फ्रान्समधला, कुणी अमेरिकेतला, आपल्या माहितीतली चार ठिकाणं दुरुस्त करतो आणि दुसऱ्याच खंडातला अनोळखी माणूस त्या भरवशावर शेवटची वीस किलोमीटर कापतो. या कामाचं मोल कुणी मोजत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

यादी यंत्रात भरणं तसं सोपं. पेन ड्राइव्ह किंवा एसडी कार्डावर नवी फाइल घ्यायची, उपकरणात उतरवायची, सेटिंगमध्ये तिची निवड करायची. घोळ होतो तो या शेवटच्या पायरीवर. नवी फाइल आत आलेली असते, पण संगणक अजून जुनीच उघडत असतो. किंवा दोन्ही चालू राहतात आणि एकच मैदान दोनदा, दोन वेगळ्या उंचींनी दिसतं. शिवाय ठिकाणांची यादी, हवाई हद्दींची फाइल आणि जमिनीच्या उंचसखलपणाचा नकाशा या तीन निरनिराळ्या गोष्टी. ‘अपडेट केलंय’ असं कुणी म्हटलं, की त्यातलं नेमकं काय केलंय, हे विचारायलाच हवं. स्पर्धेत हा प्रश्न उरत नाही. आयोजक एकच अधिकृत फाइल देतात आणि गुणही तिच्याच आधारे मोजले जातात. बहुधा वळणबिंदूभोवती ५०० मीटर त्रिज्येचं वर्तुळ असतं, त्यात ग्लायडरची नोंद पडली पाहिजे. मागच्या वर्षीच्या फाइलीत तो बिंदू किलोमीटरभर बाजूला असेल, तर दिवसभराची मेहनत बिंदूला न शिवताच परत येते.

मला या उपकरणांत एकाच गोष्टीची उणीव बोचते. शिल्लक उंची ती एकेका मीटरपर्यंत दाखवतात. ज्या ओळीवर ती उभी आहे, ती ओळ शेवटची कुणी आणि केव्हा तपासली, ते मात्र पडद्यावर नसतं. दुधाच्या पिशवीवर तारीख छापलेली असते, मग उतरायच्या शेताच्या नावापुढेही ती का नसावी? दोन आठवड्यांपूर्वी पाहिलेलं शेत आणि सात वर्षांपूर्वीचं शेत एकाच हिरव्या रंगात रंगवणं मला पटत नाही.

शेतांच्या बाबतीत तर वर्षही लांबची गोष्ट. मे महिन्यात आखूड गवत असलेल्या जागी ऑगस्टमध्ये माणसाच्या उंचीचा मका असतो. कुठे सौरपट्टे उभे राहतात, कुठे नवं कुंपण. आल्प्सच्या दक्षिण उतारावर, फ्रान्समधल्या ड्युरान्स नदीच्या खोऱ्यात सफरचंदाच्या बागा आहेत आणि गारांपासून जपायला त्यांच्यावर जाळी ताणलेली असते. वरून पाहताना जाळीखालची बाग सपाट करड्या पट्टीसारखी भासते. विजेची एकेरी तार तर दीडशे मीटरवरूनही दिसत नाही. अनुभवी वैमानिक आधी खांब शोधतात आणि तार असणारच असं धरून चालतात.

म्हणून हंगाम सुरू व्हायच्या आधी काही जण गाडीनं निघतात आणि यादीतली शेतं एकेक करून पायी पालथी घालतात. पावलांनी लांबी मोजतात, उतार कुठल्या बाजूला आहे ते पाहतात, खांबांचे फोटो काढतात. शेतावर कुणी भेटलं तर यंदा काय पेरणार ते विचारतात. रात्री घरी बसून त्या ओळीतला वर्णनाचा शेवटचा रकाना उघडायचा आणि त्यात लिहायचं : पूर्वेच्या टोकाला तार. नदीकडून यावं. एप्रिलमध्ये चालून पाहिलं.