आधी शिक्का बघा!

जुन्या बाजारात लाल क्रॉसची दंडपट्टी दिसली की गिऱ्हाईक क्रॉसच्या प्रेमात पडतं. मी पट्टी उलटीसुलटी करून शिक्का शोधतो. क्रॉस काय, कुणीही शिवेल. वीतभर लाल कापड नि जुन्या चादरीचा तुकडा पुरतो.

इतिहास भरभर सांगून टाकतो. १८५९ साली सोल्फेरिनोच्या रणांगणावर आंरी द्युनाँने जखमींचे हाल पाहिले, त्यातून १८६३ साली जिनिव्हात परिषद भरली, पुढच्या वर्षी करार झाला. परिषदेत डॉ. लुई आपिया यांनी सुचवली होती ती डाव्या दंडावरची नुसती पांढरी पट्टी. चर्चेअंती तिच्यावर लाल क्रॉस आला. का आला, याबद्दल इतिवृत्त गप्प आहे. १८६४ च्या डेन्मार्क-प्रशिया युद्धात आपिया स्वतः अशी पट्टी बांधून हिंडले.

आता माझ्या आवडीच्या विषयाकडे. पट्टी लष्करानेच द्यावी, हे १८६४ च्या करारातच होतं. पण १८७० च्या फ्रान्स-प्रशिया युद्धात हौशे-नवशे-गवशे सगळेच दंडाला क्रॉस बांधून फिरू लागले. १९०६ च्या सुधारित करारात मग स्पष्ट लिहिलं गेलं: पट्टी लष्करी अधिकाऱ्यांनी दिलेली आणि शिक्का मारलेली हवी, आणि गणवेश नसलेल्याकडे सोबत ओळखपत्रही हवं. म्हणून शिक्का नसलेली पट्टी खोटीच असते असं नाही. ती प्रथमोपचाराच्या वर्गातली असेल, नाटकातली असेल. पण रणांगणावरची म्हणून तिचे पैसे मोजायचे, तर दुसरा भक्कम पुरावा मागावा.

भिंगाखाली धरा. खरी शाई सुताच्या उभ्या-आडव्या धाग्यांत मुरलेली असते, कडा किंचित फुटलेल्या, बऱ्याचदा पाठीमागेही उमटलेल्या. संगणकावर छापलेला शिक्का भिंगातून बारीक ठिपक्यांचा दिसतो. चहाच्या पाण्यात बुडवून ‘जुनी’ केलेली पट्टी सगळीकडे सारखीच तपकिरी असते. खरं जुनेपण घडीवर गडद, पिनेखाली गंजलेलं, बाकी ठिकाणी फिकट. आणि वेलक्रो असलेली ‘पहिल्या महायुद्धातली’ पट्टी कुणी दाखवली तर हसून पुढे चला. नोटा तपासायच्या जांभळ्या दिव्याखाली कापड निळसर चमकलं तर शंका घ्यावी, कारण कापड शुभ्र दिसावं म्हणून वापरायची चमकदार रसायनं त्या युद्धानंतरची. मात्र आजच्या साबणपुडीने धुतलेलं अस्सल कापडही चमकतं, तेव्हा एकट्या दिव्यावर निकाल देऊ नये.

जरा वाट वाकडी करतो. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश पलटणींतल्या स्ट्रेचरवाल्यांच्या दंडावर क्रॉस नसे, ‘एस. बी.’ ही लाल अक्षरं असत. त्यांना कराराचं संरक्षण नव्हतं. गोळ्या मात्र तितक्याच. संग्राहक या पट्ट्यांकडे फारसे वळत नाहीत. मला विचाराल तर क्रॉसपेक्षा त्याच मोलाच्या. आणि बोअर युद्धातला गांधीजींचा तो प्रसिद्ध फोटो आठवा: सुमारे ११०० भारतीयांच्या शुश्रूषा पथकातले ते आणि त्यांचे सहकारी, दंडांवर क्रॉस. त्यातलीच एखादी ‘मूळ’ पट्टी कुणी विकायला आणली, तर चार हात लांब राहावं.

जपणुकीचा पहिला नियम: धुवायची नाही. चोरबाजारात एका दुकानदाराने मला कौतुकाने कडक इस्त्रीची पट्टी दाखवली होती. जांभळ्या शाईचा नुसता धूसर डाग उरला होता, आणि लाल रंग पांढऱ्यावर उतरून कापड गुलाबी झालेलं. किंमत मात्र धुलाईसकट लावलेली! धूळ मऊ कुंचल्याने झटकावी. लोखंडी पिना काढून वेगळ्या पुडीत, त्याच पट्टीची खूण लिहून ठेवाव्यात. गंज कापड खातो. घडी न घालता, आम्लमुक्त कागद गुंडाळलेल्या नळीवर पट्टी सैल गुंडाळावी, वरून खळ काढलेली पांढरी मलमल. प्लास्टिकची पिशवी नको, कोकण-मुंबईच्या पावसाळ्यात तर नकोच. आत बुरशी धरते. डांबरगोळ्या कापडाला टेकवू नयेत. चौकट करून उन्हाच्या भिंतीवर टांगणं म्हणजे लाल रंगाला निरोप देणं.

दंडाला बांधून मिरवायची हौस मात्र आवरा. आपल्याकडे १९६० च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार सरकारी परवानगीशिवाय हे चिन्ह वापरता येत नाही. आणि घरात कुणी लष्कराच्या वैद्यकीय सेवेत होतं का, हे या दिवाळीच्या साफसफाईत जरूर विचारा. ट्रंकेच्या तळाशी अशी पट्टी निघाली, तर साबणाच्या बादलीत टाकण्याआधी दोन्ही बाजूंचे फोटो काढा, आणि मग बादलीतही टाकू नका.