भोरड्यांचें प्रस्थान

पाहुणा घरीं येतो तेव्हां सर्वांना कळतें. तो जातो तेव्हां मात्र पुष्कळदां दार लोटल्याचा आवाज तेवढा ऐकूं येतो. पक्ष्यांच्या बाबतींत आपलें असेंच झालें आहे. हिंवाळ्याच्या आरंभीं तळ्यावर परदेशचीं बदकें उतरलीं, कीं त्यांची बातमी छापून येते आणि मुलांना घेऊन लोक तीं पाहावयास जातात. परंतु फाल्गुन-चैत्रांत हेच पक्षी परत निघतात तेव्हां आपण परीक्षांच्या आणि लग्नसराईच्या गडबडींत असतों. प्रस्थान होऊन जातें, आणि तें झाल्याचें आपल्या गांवींही नसतें. या दुर्लक्षित प्रस्थानाविषयीं, आणि त्यांतही परभणी जिल्ह्याच्या शिवारांतून निघणाऱ्या एका पक्ष्याविषयीं, आज चार शब्द सांगावयाचे आहेत.

भूमध्य समुद्राच्या कांठीं वसंत ऋतूंत हें दृश्य पाहण्यासाठीं लोक दूरदूरच्या देशांतून येतात. आफ्रिकेंत हिंवाळा काढून युरोपकडे परतणारे करकोचे, मधुबाज आणि घारी यांना हा समुद्र ओलांडावा लागतो. रुंद पंखांचे हे पक्षी पंख मारीत जात नाहींत. तापलेल्या जमिनीवरून वर चढणाऱ्या हवेच्या झोतावर ते तरंगत जातात. समुद्रावर असे झोत उठत नाहींत. म्हणून जेथें पाणी सर्वांत अरुंद, तेथें सारे एकत्र येतात. जिब्राल्टरची सामुद्रधुनी एके ठिकाणीं अवघी १४ किलोमीटर रुंद आहे. इटली आणि सिसिली यांच्यामधील मेसिनाची सामुद्रधुनी तर त्याहूनही चिंचोळी. अशा ठिकाणीं टेकडीवर नुसतें बसून राहिलें, तरी हजारों पक्षी डोक्यावरून जातांना दिसतात.

आपल्या दख्खनच्या पठाराला असा चिंचोळा दरवाजा नाहीं. येथें आकाश चोहों बाजूंनीं मोकळें आहे. पण आपल्याजवळ एक गोष्ट आहे, ती त्या टेकडीवरील प्रेक्षकाजवळ नाहीं. तो वाटेवर उभा असतो. आपण मात्र ज्या घरून प्रवासी निघतो त्या घराच्या ओसरीवर उभे आहों. प्रवासाची तयारी, पोशाखाचा बदल, मंडळींची जमवाजमव, हें सर्व आपल्याला पाहावयास मिळतें.

हा प्रवासी म्हणजे भोरडी. तिलाच कोणी पळसमैना म्हणतात, कोणी गुलाबी मैना. आकारानें ती आपल्या अंगणांतील साळुंकीएवढी. डोकें, मान, पंख आणि शेपूट काळी कुळकुळीत; पाठ आणि पोट फिक्या गुलाबी रंगाचें; डोक्यावर मागें झुकलेला तुरा. पण आश्विनांत भोरड्या येतात तेव्हां हा थाट नसतो. नव्या पिसांचीं टोकें मळकट, तपकिरी असतात आणि सारा पक्षीच धुरकट दिसतो. पुढें तीं टोकें झिजत जातात आणि आंत झांकलेला गुलाबी रंग हळूहळू उघडा पडतो. नवे कपडे न घेतां, जुनेच झिजवून नवरदेव व्हावें, अशी ही निसर्गाची युक्ति आहे. माघ-फाल्गुनांत पळस फुलतो, पांगारा आणि सांवर फुलते, तेव्हां त्या फुलांतील रस पिण्यासाठीं भोरड्यांची झुंबड उडते. प्रत्येक फुलांत चोंच बुडवितांना त्यांच्या कपाळाला पराग लागतो आणि तो पुढच्या फुलावर जातो. पळसमैना हें नांव तिला शोभतें तें यामुळें.

परंतु हें कौतुक ऐकून परभणीचा शेतकरी हंसेल, आणि तें बरोबरच आहे. या जिल्ह्याच्या काळ्या जमिनींत रब्बीची ज्वारी कणसांत येते, दाण्यांत दूध भरतें, त्याच सुमारास भोरड्यांचे थवे शेतांवर उतरूं लागतात. शेंकडों पक्षी एकदम बसतात, एकदम उठतात, आणि उठतांना कणसें मोकळीं झालेलीं असतात. मचाणावर उभें राहून गोफण फिरवावयाची, पत्र्याचे डबे बडवावयाचे, घसा कोरडा पडेपर्यंत आरोळ्या द्यावयाच्या, ही राखण पहांटेपासून सुरू होते. ज्याचें शेत कडेला आहे किंवा ज्याचें पीक शेजाऱ्याच्या आधीं तयार झालें आहे, त्याचें नुकसान सर्वांत अधिक. त्याला पक्ष्याचें सौंदर्य सांगूं जाणें हें शहाणपणाचें लक्षण नव्हे. भोरडीचा हिशेब मांडावयाचा तर हें नुकसान पहिल्या ओळींत लिहिलें पाहिजे. पण हिशेबाला दुसरीही ओळ आहे, आणि ती वाचण्यासाठीं तिच्या मागोमाग उत्तरेकडे जावें लागतें.

ती जाते तरी कां? भूक म्हणावी, तर चैत्रांतही वडा-पिंपळाचीं फळें आणि शेतांतील किडे तिला मिळतात. ऊन म्हणावें, तर कडक ऊन पडण्यापूर्वींच पुष्कळ थवे निघून जातात. या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं विल्यम रोवन नांवाच्या प्राध्यापकानें १९२०-३० या दशकांत कॅनडांत एक प्रयोग केला. कडाक्याच्या थंडींत त्यानें जुंको नांवाचे छोटे पक्षी उघड्यावरील पिंजऱ्यांत ठेवले आणि विजेच्या दिव्यांनीं त्यांचा दिवस रोज थोडा थोडा वाढविला. बाहेर बर्फ पडत असतां त्या पक्ष्यांच्या शरीरांत मात्र वसंत अवतरला. त्यांचीं जननेंद्रियें वाढूं लागलीं. म्हणजे पक्षी पाहतो तो उष्णतामापक नव्हे, तर दिवसाची लांबी. संक्रांतीनंतर आपण दिवस तिळातिळानें वाढतो असें म्हणतों. भोरडीचें शरीर तो तीळ मोजीत असतें. दिवस पुरेसा वाढला, कीं ती अधिक खाऊं लागते, कातडीखालीं चरबी सांठते, आणि ही चरबी हीच तिची वाटेवरची शिदोरी.

आणि वाट कशी सांपडते? येथें भोरडीच्या युरोपांतील चुलत बहिणीनें, म्हणजे स्टार्लिंग पक्ष्यानें, शास्त्रज्ञांना मोठें साह्य केलें आहे. १८९९ सालीं डेन्मार्कमधील मॉर्टेन्सेन नांवाच्या शिक्षकानें स्टार्लिंग पक्ष्यांच्या पायांत अनुक्रमांक घातलेलीं ॲल्युमिनियमचीं वळीं अडकविलीं. पक्ष्यांच्या प्रवासाचा पद्धतशीर शोध तेथून सुरू झाला. पुढें गुस्टाव्ह क्रामर या जर्मन संशोधकानें १९५० च्या सुमारास दाखवून दिलें, कीं हा पक्षी सूर्यावरून दिशा ओळखतो, आणि सूर्य आकाशांत सरकतो त्याची वजावटही मनाशीं करतो. त्याहून मनोरंजक प्रयोग पेर्डेक नांवाच्या डच संशोधकाचा. त्यानें हॉलंडमध्यें प्रवासांत असलेले हजारों स्टार्लिंग पकडून स्वित्झर्लंडमध्यें नेऊन सोडले. १९५८ सालीं त्याचा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. पूर्वीं प्रवास केलेल्या प्रौढ पक्ष्यांनीं चूक ओळखली आणि वाट बदलून ते आपल्या नेहमींच्या मुक्कामाकडे वळले. पहिल्यानेंच निघालेलीं पोरें मात्र जन्मजात दिशा धरून सरळ उडत राहिलीं आणि फ्रान्स-स्पेनमध्यें भलतीकडेच जाऊन पोंचलीं. दिशा रक्तांतून मिळते. मुक्कामाची ओळख अनुभवानें येते, असा याचा अर्थ.

आपल्या भोरड्या हिमालय ओलांडीत नाहींत. त्या वायव्येकडे निघतात. राजस्थान, पंजाब, सिंध या प्रदेशांवरून अफगाणिस्तानकडे, आणि तेथून मध्य आशियाच्या गवताळ मैदानांत जातात. कझाकस्तानांतील बालखाश सरोवर परभणीपासून सरळ रेषेनें सुमारें ३००० किलोमीटर दूर आहे. त्याच्या आसमंतांत त्यांचीं वीणक्षेत्रें आहेत. पश्चिमेस काळ्या समुद्राच्या परिसरापर्यंत ही जात पसरलेली आहे. दगडांच्या राशींत, खडकांच्या कपारींत, पडक्या भिंतींच्या भोंकांत हजारोंच्या वसाहती करून त्या घरटीं बांधतात. आणि हीं पिलें कशावर वाढतात? ज्वारीवर नव्हे, तर नाकतोड्यांवर आणि टोळांवर!

टोळ जेथें, तेथें भोरड्या. एका वर्षीं ज्या डोंगरावर हजारों घरटीं, तेथें पुढच्या वर्षीं एकही नसेल. कारण टोळ दुसरीकडे गेलेले असतात. १८७५ सालीं तर या पक्ष्यांनीं नेहमींचा प्रदेश सोडून थेट उत्तर इटली गांठली, आणि व्हेरोना शहराजवळील व्हिलाफ्रांका या गांवच्या जुन्या किल्ल्यांत मोठी वसाहत केली. त्या वर्षीं त्या भागांत टोळांचा उपद्रव होता. भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरील सीरियांत हा पक्षी टोळांचा वैरी म्हणून जुन्या काळापासून प्रसिद्ध आहे; तेथें त्याला समरमर म्हणतात. चीनच्या शिंजियांग प्रांतांत १९८० नंतरच्या काळांत, भोरड्यांनीं यावें म्हणून माळावर मुद्दाम दगडांच्या राशी रचल्या गेल्या आणि नाकतोड्यांचा बंदोबस्त पुष्कळ अंशीं त्यांच्यावर सोंपविला गेला. ज्या पक्ष्याला आपण गोफणीनें हांकलतों, त्याच्यासाठीं दुसऱ्या देशांत घरें बांधतात!

परभणीच्या शेतकऱ्याला यांत काय समाधान, असा प्रश्न कोणी विचारील. ज्वारी त्याची गेली आणि गवत दुसऱ्याचें वांचलें, हा न्याय कोठला? प्रश्न खरा आहे. पण भोरडी येथें केवळ ज्वारी खात नाहीं. दाणा दुधांत असतो ते थोडे आठवडे सोडले, तर उरलेल्या दिवसांत ती आपल्याही शिवारांतले नाकतोडे आणि अळ्या वेंचीत असते. तेव्हां भांडण आहे तें कांहीं आठवड्यांचें, आणि तेवढे आठवडे राखण करणें हा शेतकऱ्याचा हक्कच आहे. पीक घरांत आल्यावर चैत्रांत बांधावर दिसणारा थवा मात्र कोणाचा शत्रु नाहीं.

आणखी एक गोष्ट लक्षांत घ्यावी. भोरडीला आपण पाहुणी म्हणतों खरें, पण तिचें मायदेशींचें वास्तव्य किती? वैशाखाच्या सुमारास पोंचावयाचें, घाईनें पिलें वाढवावयाचीं, आणि जुलै-ऑगस्टमध्यें तिचीं पहिलीं पथकें भारताच्या वायव्य भागांत परत हजर! वर्षाचा मोठा भाग ती आपल्याकडेच काढते. मग तिला पाहुणी म्हणावें कीं माहेरवाशीण, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

या माहेरीं आतां बदल होत आहेत. परभणी भागांत ज्वारीच्या जागीं सोयाबीन वाढलें. कापूस तर पूर्वींपासूनच आहे. बांधावरचे पळस, पांगारे आणि रात्रीच्या मुक्कामाच्या जुन्या बाभळी तोडल्या जातात. तिकडे गवताळ मैदानांत टोळांवर विषारी औषधें फवारलीं, कीं पिलांचा घास जातो. ज्या पक्ष्याचें आयुष्य दोन टोकांना बांधलेलें आहे, त्याची दोरी कोणत्याही एका टोकाला तुटली तरी पुरे. आणि दोरी तुटली हें कळणार कसें? पूर्वीं किती होत्या, केव्हां जात होत्या, हें कोणी लिहून ठेवलें असेल तरच.

लिहून ठेवण्याचें महत्त्व या प्रदेशाला नवें नाहीं. परभणी निजामच्या राज्यांत होती त्या काळीं, १९३१ सालीं, डॉ. सलीम अली यांनीं हैदराबाद संस्थानांतील पक्ष्यांची पाहणी आरंभिली. तिचे वृत्तान्त बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाले. पण एका माणसाच्या पाहणीला मर्यादा असते. दर वर्षीं, प्रत्येक गांवीं, तारीखवार नोंद करणें हें काम घरोघरच्या माणसांचेंच आहे.

त्यासाठीं फार साहित्य लागत नाहीं. होळीपासून हनुमान जयंती उलटेपर्यंत रोज मावळतीला अर्धा तास काढावा. गोदावरीच्या कांठीं गंगाखेडला, जिंतूरजवळ येलदरीच्या जलाशयावर, किंवा घराच्या गच्चीवरसुद्धां उभें राहावें. लहान लहान टोळ्या चारी दिशांनीं येतात, एकमेकींत मिसळतात, आणि मग सारा थवा धुराच्या लोटासारखा आकाशांत फिरूं लागतो. क्षणांत दाट, क्षणांत विरळ. अखेर कोणी झडप घालावी तसा तो झाडींत उतरतो आणि काळोख पडेपर्यंत तेथें कलकल चालते. तारीख लिहावी, अदमासें संख्या लिहावी, पिसें किती गुलाबी झालीं तें लिहावें. एके दिवशीं तीं झाडें मुकीं असतील. तो दिवस विशेष काळजीनें लिहावा. कारण पक्षी आला हें कोणीही सांगतो, शेवटचा केव्हां दिसला हें रोज पाहणारालाच सांगतां येतें.

मेसिनाच्या सामुद्रधुनीवर वसंतांत मधुबाजांना बंदुकीनें टिपण्याची जुनी चाल होती. गेल्या शतकाच्या नवव्या दशकांत तेथें दर वर्षीं पक्षिनिरीक्षक तळ देऊन बसूं लागले. त्यांचे डोळे आणि त्यांच्या वह्या आकाशाकडे लागल्या, त्यांनीं पोलिसांना हांका मारल्या, आणि बंदुका हळूहळू पुष्कळ कमी झाल्या. कायदा होताच, पाहणारें कोणी नव्हतें. आपल्या शिवारांतही उणीव आहे ती पाहणाऱ्याचीच. येत्या चैत्रांत भोरड्या निघतील तेव्हां निदान कोणीतरी ओसरीवर येऊन त्यांना निरोप द्यावा, आणि तिथि लिहून ठेवावी, एवढेंच मागणें.