खालची पापणी ओढून बघा

आमच्या कॉर्निया ओपीडीत साठीपुढचं कुणी दोन्ही डोळे लाल घेऊन आलं, की स्लिट लॅम्पवर हनुवटी टेकवून मी म्हणते, "आजी, वर बघा," आणि खालची पापणी अंगठ्यानं हलकेच खाली ओढते. निरोगी डोळ्यात तिथं साधारण १० मिलिमीटर खोल खाच असते. म्यूकस मेम्ब्रेन पेम्फिगॉइड या आजारात ती उथळ होत जाते. तळाशी आधी पांढुरके बारीक धागे दिसतात. पुढे त्यांच्या पट्ट्या होऊन पापणी डोळ्याला चिकटते.

आजींच्या पिशवीतून थेंबांच्या बाटल्या निघतात. डोळे आले म्हणून दिलेले, ॲलर्जीचे, कोरडेपणाचे. टोचणारे पापणीचे केस सूनबाई चिमट्यानं काढून देते. मग मी विचारते, "तिखट झोंबतं का? हिरड्या सोलवटतात का?" बरेचदा उत्तर येतं, "हो, पण त्याचा डोळ्याशी काय संबंध?"

संबंध थेट आहे. या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच अंतस्त्वचेवर उलटते. वरचा थर खाली धरून ठेवणाऱ्या प्रथिनांवर हल्ला होतो. तोंडात फोड येऊन फुटतात. डोळ्यात फोड क्वचितच दिसतो, राहतो तो व्रण. अश्रू आटतात, पापणी आत वळते, केस कॉर्नियावर घासत राहतात. जखमा होतात, रक्तवाहिन्या आत शिरतात आणि पारदर्शक कॉर्निया पांढरा पडतो. पेम्फिगस या दुसऱ्या फोडांच्या आजारात डोळे लाल झाले, तरी असे व्रण सहसा उरत नाहीत.

खात्रीसाठी डोळ्याच्या अंतस्त्वचेचा छोटा तुकडा काढतो. त्यातला एक भाग फॉर्मॅलिनमध्ये न टाकता मिशेल द्रावणात पाठवावा लागतो, कारण फॉर्मॅलिनमुळे इम्युनोफ्लुरोसन्सची तपासणी वाया जाते. रोग असेल तर सूक्ष्मदर्शकाखाली थरांच्या सांध्यावर हिरवी चमकती रेघ दिसते. रिपोर्ट निगेटिव्ह आला म्हणून मात्र रोग नाहीच असं समजता येत नाही.

नुसत्या थेंबांनी हा आजार थांबत नाही. प्रतिकारशक्ती आवरणारी औषधं पोटातून किंवा शिरेतून द्यावी लागतात: डॅप्सोन (आधी रक्तातलं जी-६-पीडी एन्झाइम तपासून), मेथोट्रेक्सेट, मायकोफेनोलेट, गंभीर रुग्णाला रिटुक्सिमॅब. त्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ किंवा संधिवाततज्ज्ञ सोबत हवेत. दाह शांत होण्याआधी मोतीबिंदूचं किंवा पापणीचं ऑपरेशन केलं, तर व्रण आणखी भडकतात.

औषधं रोगाला थोपवतात, पण जमलेला व्रण पुसत नाहीत. म्हणून घरातल्या वडीलधाऱ्यांचे दोन्ही डोळे महिनोन्‌महिने लाल असतील, केस पुन्हापुन्हा टोचत असतील आणि तोंडही सोलवटत असेल, तर थेंबांची आणखी एक बाटली आणू नका. त्यांना कॉर्नियातज्ज्ञाकडे न्या आणि तोंडाचा त्रासही आवर्जून सांगा.