नकाशावरचे अंतर आणि तिकिटावरचे अंतर

मुंबई आणि कराची या दोन बंदरांमधील सरळ हवाई अंतर सुमारे ८७५ किलोमीटर भरते. मुंबईहून दिल्ली याहून दूर आहे. जेट विमानाला हे अंतर कापण्यास दीड-पावणेदोन तास पुरावेत. तथापि आज या दोन शहरांमध्ये थेट प्रवासी विमान नाही. ज्याला जायची परवानगी मिळते, त्याला बहुधा दुबईची वाट धरावी लागते. म्हणजे मुंबई ते दुबई सुमारे १,९३० आणि तेथून उलट फिरून कराचीपर्यंत सुमारे १,१९० किलोमीटर. अंतर साडेतीनपट होते आणि मधला खोळंबा धरता दीड तासाच्या वाटेवर बहुतेक सारा दिवस खर्ची पडतो.

हे भूगोलाने ठरविलेले नव्हे. सिंध १९३६ पर्यंत मुंबई इलाख्याचाच भाग होता. कराचीची एक जुनी नामांकित शाळा नारायण जगन्नाथ वैद्य या मराठी शिक्षणाधिकाऱ्याच्या नावाने आजही ओळखली जाते. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन लहानशा पस मॉथ विमानातून कराचीहून अहमदाबादमार्गे जुहूला उतरले, आणि या देशातील नियमित हवाई टपालसेवेचा पाया ज्या मार्गावर घातला गेला तो हाच.

अर्थशास्त्रात अंतर केवळ किलोमीटरांत मोजून भागत नाही. ते वेळ, पैसा आणि परवानगी यांत मोजावे लागते. १९४४ च्या शिकागो कराराने प्रत्येक राष्ट्राचे आपल्या आकाशावरील सार्वभौमत्व मान्य केले आहे. तेव्हा आकाश बंद करण्याचा अधिकार निर्विवाद आहे. प्रश्न आहे तो त्याच्या किमतीचा. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने बंद केलेले आकाश १६ जुलैला खुले झाले. तोवर, २ जुलैपर्यंतच, एअर इंडियाला ४९१ कोटी रुपयांचा भुर्दंड पडल्याचे सरकारने संसदेत सांगितले. ती कंपनी त्या वेळी सरकारी होती, म्हणजे अखेरीस तो भार करदात्याचाच. एप्रिल २०२५ मध्ये दोन्ही देशांनी एकमेकांच्या विमानांना पुन्हा आकाश बंद केले, आणि दिल्लीहून युरोपकडे जाणाऱ्या भारतीय विमानांना अरबी समुद्रावरून वळसा पडला. अधिक इंधन म्हणजे कमी माल, वैमानिकांचे अधिक तास आणि चढे भाडे. बंदी घालणारा देशही उड्डाणशुल्काला मुकतो. लाभ होतो तो तिसऱ्याच देशांच्या विमानकंपन्यांना.

राष्ट्राची सुरक्षितता रुपयांत तोलावी, असे कोणीही म्हणणार नाही. परंतु संरक्षणासाठी केलेल्या प्रत्येक खर्चाचा हिशेब अंदाजपत्रकात येतो. बंद आकाशाचा खर्च मात्र हजारो तिकिटांत विखुरला जातो आणि म्हणूनच कोणाच्या डोळ्यांवर येत नाही. अशा बंदीला मुदतवाढ देताना तिचा आर्थिक हिशेब संसदेपुढे मांडण्याचा दंडक असावा. शिवाय शेजाऱ्याशी थेट सेवा असणे आणि त्याच्या आकाशातून तिसऱ्या देशाकडे जाणे या दोन बाबी भिन्न आहेत. पहिली थांबली की दुसरीही थांबलीच पाहिजे, असा नियम नाही. निदान दुसरी तरी राजकीय वादापासून अलग ठेवता येईल काय, याचा विचार दोन्ही राजधान्यांनी करावयास हवा.

फाळणीने दुभंगलेल्या कुटुंबातील वृद्धाला हा हिशेब कोणी समजावून सांगण्याची गरज नाही. बहिणीचे घर दीड तासावर आहे आणि तिथे पोहोचण्यास दिवस लागतो, एवढे त्याला पुरेसे कळते.