लक्ष न लागणारें मूल

‘हुशार आहे, पण अभ्यासाकडे लक्ष देत नाहीं.’ प्रगतिपुस्तकावरील हा शेरा बहुतेक सुशिक्षित घरांना परिचित आहे. पुष्कळदां मूल वाढलें म्हणजे तो आपोआप खोटा ठरतो. परंतु कांहीं मुलांच्या बाबतींत इयत्ता बदलते, शिक्षक बदलतात, शाळाहि बदलते. शेरा मात्र बदलत नाहीं. वही घरीं राहते, डबा शाळेंत राहतो, गणित अर्ध्यावर सोडून मूल खिडकीशीं जाऊन उभें राहतें. घरचीं माणसें प्रथम समजावतात, मग रागावतात आणि शेवटीं ‘आळशी’, ‘द्वाड’, ‘बेजबाबदार’ यांपैकीं एखादें विशेषण त्याला कायमचें चिकटवून मोकळीं होतात. अशा मुलांपैकीं कित्येकांना वैद्यकशास्त्र ज्याला ए. डी. एच. डी., म्हणजे अवधानन्यूनता व अतिचंचलता, असें म्हणतें तो विकार असतो. सुमारें शंभरांत पांच मुलांना तो असावा, असा सर्वसाधारण अंदाज आहे.

हा विकार मोबाईलच्या युगाची देणगी होय, अशी एक समजूत आढळते. तींत तथ्य नाहीं. अलेक्झांडर क्रायटन या स्कॉटिश वैद्यानें अवधानाच्या अशा विकृतीचें वर्णन १७९८ सालींच केलें होतें. पुढें १९०२ सालीं लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्सपुढें जॉर्ज स्टिल यांनीं, बुद्धि शाबूत असूनहि स्वतःला आवरूं न शकणाऱ्या मुलांची हकीकत सांगितली. स्टिल यांनीं त्यास नैतिक संयमाचा दोष मानलें. शास्त्र तेथून पुष्कळ पुढें आलें. पुष्कळ घरें मात्र अजून तेथेंच थांबलेलीं आहेत.

या विकारांत बिघडतें तें काय? वडील म्हणतात, ‘क्रिकेटचा सामना तीन तास डोळे न हलवितां पाहतो, मग भूगोलालाच लक्ष कसें नाहीं?’ प्रश्न वाजवी आहे. अशा मुलापाशीं लक्ष नसतें असें नव्हे. तें हवें तेव्हां हवें तेथें वळविण्याचें सुकाणूं दुबळें असतें. ज्या गोष्टींत क्षणोक्षणीं कांहींतरी घडतें, ती त्याला खेंचून धरते. ज्या गोष्टीचें फळ परीक्षेच्या दिवशीं मिळायचें, ती निसटते. काय करावयाचें हें त्याला ठाऊक असतें. ठाऊक असलेलें ऐन वेळीं हातून घडत नाहीं. मेंदूच्या बाह्यपटलाची वाढ अशा मुलांत सरासरीनें दोन-तीन वर्षें मागून पूर्ण होते, असें २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन संशोधनांत आढळलें. जुळ्या भावंडांच्या अभ्यासांवरून आनुवंशिकतेचा वाटाहि फार मोठा दिसतो. तेव्हां ‘हा कोणावर गेला?’ हा प्रश्न विचारतांना वडिलांनीं स्वतःचें प्रगतिपुस्तक एकदां आठवून पाहण्यास हरकत नाहीं.

ज्ञान कमी नसल्यामुळें उपदेशाचा उपयोग थोडा. मदत पोंचली पाहिजे ती कृतीच्या क्षणीं आणि कृतीच्या जागीं. स्वयंपाकघरांतून ‘दप्तर भर, बूट घाल, बाटली घे आणि आजीला औषध दे’ अशी चार कामांची आज्ञा एका दमांत सुटली, तर त्यांतील एखादें काम होतें आणि तीन वाऱ्यावर जातात. जवळ जाऊन, नांवानें हाक मारून, एकच काम सांगावें. तें झालें कीं ‘भरलेंस दप्तर, छान’ एवढें तेथल्या तेथें म्हणावें. मग दुसरें सांगावें. वर्षाअखेरीस मिळणाऱ्या सायकलीपेक्षां आज संध्याकाळचीं खेळाचीं वीस मिनिटें अधिक काम करतात, कारण दूरचें बक्षीस अशा मुलाला जवळजवळ दिसतच नाहीं. अर्धा तास म्हणजे किती, हेंहि त्याला नीट जाणवत नाहीं; यास्तव त्याच्या मेजासमोर कांट्यांचें मोठें घड्याळ असावें. दाराजवळ दप्तराची ठरलेली खुंटी ही शंभर व्याख्यानांहून मोलाची आहे. शाळेंत पुढचा बाक आणि लहान लहान तुकडे पाडून दिलेलें काम यांनीं बराच फरक पडतो. मधली सुट्टी काढून घेण्याची शिक्षा मात्र सर्वांत वाईट, कारण धांवण्याची गरज ज्याला सर्वांत अधिक, त्यालाच ती बसवून ठेवते.

निदान रक्ताच्या तपासणीनें होत नाहीं. लक्षणें बारा वर्षांच्या आधींपासून आणि घर, शाळा अशा एकाहून अधिक ठिकाणीं दिसत आहेत काय, हें बालरोगतज्ज्ञ किंवा मनोविकारतज्ज्ञ पाहतात. कान, डोळे व झोंप यांचीहि तपासणी व्हावी. मुलींच्या बाबतींत विशेष दक्षता हवी. धिंगाणा न घालतां स्वप्नांत हरवलेली मुलगी शिक्षकांना गुणी वाटते, आणि तिचा विकार वर्षानुवर्षें कोणाच्या ध्यानींच येत नाहीं.

औषधाच्या नांवानें पालक दचकतात. १९९९ सालीं अमेरिकेंत ५७९ मुलांवर चौदा महिने केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. मूळ लक्षणांवर काळजीपूर्वक दिलेल्या औषधाचा गुण नुसत्या वर्तनोपचारापेक्षां अधिक दिसला. दोन्ही एकत्र दिले असतां औषध कमी मात्रेंत भागलें. पुढें प्रयोगाची देखरेख थांबल्यावर मात्र गटागटांतील फरक मावळत गेला. भूक मंदावणें, झोंप उशिरा लागणें असे त्रास संभवतात. म्हणून वजन, उंची व रक्तदाब यांवर डॉक्टरांची नजर हवी. सहा वर्षांखालील मुलांसाठीं पहिला उपाय पालकांच्या प्रशिक्षणाचा.

खरी कसोटी पुढेंच आहे. तेराव्या-चौदाव्या वर्षीं अंगाची धांवपळ कमी होते आणि विकार गेला असें वाटतें. वस्तुतः तो आंत शिरलेला असतो: काम पुढें ढकलणें, वेळेचा अंदाज चुकणें, क्षणांत भडकणें. नेमक्या याच वेळीं ‘आतां मोठा झालास, तुझें तूं पाहा’ असें म्हणून घर आपला आधार काढून घेतें, आणि पाठोपाठ दहावी येते. इतक्या वर्षांचीं बोलणीं ऐकून त्या मुलाचें स्वतःविषयींचें मतहि तोंपर्यंत बनून गेलेलें असतें; त्यांतून येणारी खिन्नता हा गुणांपेक्षां फार गंभीर प्रश्न आहे. या वयांत आज्ञा चालत नाहींत. वेळापत्रक त्यानेंच मांडावें, पालकांनीं त्यावर वाटाघाट करावी. अध्ययन-अक्षमताहि जोडीला असल्यास तिची स्वतंत्र तपासणी करून घ्यावी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यांत तिचा समावेश आहे, आणि परीक्षेंतील अधिक वेळेसारख्या सवलती मिळूं शकतात. दुचाकीची किल्ली देतांना घाई नको. या विकाराच्या तरुणांत अपघातांचें प्रमाण अधिक आढळतें.

वसतिगृहाचा पहिला महिना अनेकांना अवघड जातो. अठरा वर्षें आईच त्या मुलाची स्मरणशक्ति होती. ती एका दिवसांत गाडीच्या फलाटावर मागें राहते. म्हणून निघण्याच्या वर्षभर आधींपासून एकेक काम त्याच्याकडे सोंपवावें: प्रथम सकाळचा गजर, मग औषधाची गोळी, मग महिन्याचे पैसे. मध्यंतरीं चुका होतील. त्या घरीं असतांना झालेल्या बऱ्या. जुनीं निदानपत्रें, औषधांच्या मात्रा व त्यांचे परिणाम यांची फाईल त्याच्याच हातीं द्यावी. नव्या शहरांतील डॉक्टरांची पहिली भेट त्यानें स्वतः ठरवावी. आईनें त्या दिवशीं फार तर एकदां फोन करावा.