बाजारात तुरी

'बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी' ही म्हण आपल्याकडे हसण्यावारी नेली जाते. परंतु जेथे खरोखरीच तूर पिकते अशा मुलुखातून आलेल्या एका पत्राने ती आम्हांस गंभीरपणे आठवली. बीदर व कलबुर्गी या जिल्ह्यांच्या सीमेवर, बसवकल्याणच्या बाजूस, मंठाळ नावाचे गाव आहे. 1956 च्या राज्यपुनर्रचनेत हा भाग त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला, तरी तेथील कितीतरी घरांत मराठीच बोलली जाते. तिकडचा एक तरुण अभियंता लिहितो की, निरनिराळ्या बाजारपेठांतील तुरीचे भाव शेतकऱ्यास मोबाईलवर कळावेत आणि त्याने अधिक भाव असेल तेथे माल न्यावा, यासाठी तो संगणकप्रणाली उभारीत आहे. पुण्याची नोकरी त्याने सोडली. काम दोन वर्षे चालेल, आणि खर्चासाठी वडिलांची दोन एकर जमीन विकण्याचे घरात ठरले आहे. आम्ही प्रोत्साहनाचे चार शब्द लिहावेत, अशी त्याची विनंती आहे.

शब्द आम्ही जरूर लिहू. पण जमिनीचा विषय निघाल्यावर नुसती शाबासकी देऊन मोकळे होणे आम्हांस जमत नाही. भाव कळला म्हणजे शेतकरी माल तेथे नेतो, हे या तरुणाने गृहीत धरले आहे. ते त्याने पाहिले आहे काय? बियाण्यासाठी, लग्नकार्यासाठी आडत्याकडून उचल घेतलेला शेतकरी, लातूरला चार पैसे अधिक मिळतात हे ठाऊक असूनही, पोती त्याच आडत्याच्या दारी उतरवतो. कारण पुढल्या वर्षीही हात त्याच्यापुढेच पसरायचा असतो. वर गाडीभाडे आणि हमाली आहेच. असे असेल तर दोन वर्षे खपून केलेली प्रणाली निर्दोष चालेल आणि कोणाच्याही कामी येणार नाही.

या संदर्भात आपल्याच माणसांचे एक उदाहरण आहे. साताऱ्याकडील रहिमतपूरचे कैलास काटकर मॅट्रिकपुढे शिकले नाहीत. पुण्यात गणकयंत्रे दुरुस्त करण्याच्या दुकानात त्यांनी नोकरी धरली आणि पुढे स्वतःचे दुरुस्तीचे दुकान थाटले. दुरुस्तीस येणाऱ्या अनेक संगणकांत बिघाड यंत्राचा नसून 'व्हायरस'चा आहे, असे दिसू लागले. संगणकशास्त्र शिकणारे धाकटे बंधू संजय यांनी त्यावर उतारा म्हणून प्रणाली लिहिली, आणि ती गिऱ्हाइकांच्या नादुरुस्त यंत्रांवरच चालवून पाहिली. 1995 च्या सुमारास 'क्विक हील' या नावाने ती बाजारात आली. 2016 साली त्या कंपनीचे समभाग शेअरबाजारात दाखल झाले. मधल्या काळातील कष्ट थोडे नव्हते. पण माल विकावयास काढण्यापूर्वीच त्याची गरज असलेला माणूस दुकानाच्या फळीपुढे उभा होता, हे विसरता कामा नये.

सर्वांस असे दुकान लाभत नाही. त्यांना युक्ती योजावी लागते. 1999 साली अमेरिकेत निक स्विनमर्न यांना इंटरनेटवरून जोडे विकावयाचे होते. कोठार न बांधता त्यांनी जवळच्या दुकानांतील जोड्यांची छायाचित्रे घेऊन संकेतस्थळावर मांडली. मागणी आली की त्याच दुकानातून पुऱ्या किमतीस जोडा विकत घ्यावयाचा आणि धाडावयाचा. यात सौदा तोट्याचा. पण न घालून पाहिलेला जोडा लोक विकत घेतील काय, या प्रश्नाचे उत्तर त्यांना थोडक्या पैशांत मिळाले.

मंठाळच्या तरुणास प्रणालीची एक ओळही न लिहिता हे करता येईल. ओळखीचे वीस शेतकरी निवडावेत. कलबुर्गी, बसवकल्याण, उदगीर, लातूर येथील भाव रोज सायंकाळी स्वतः दूरध्वनीवरून विचारावेत आणि ज्याला मराठी सोयीची त्याला मराठीत, ज्याला कन्नड त्याला कन्नडमध्ये सांगावेत. पंधरवड्याचे वीस रुपये मात्र आगाऊ मागावेत. 'छान आहे, करा बाबा' असे म्हणणारे शंभर भेटतील. आपल्या लोकांना तोंडावर नाही म्हणण्याचा संकोच फार! वीस रुपये काढताना तो संकोच गळून पडतो. शेवटी वहीत एवढेच मोजावे, की किती जणांनी खरोखर बाजार बदलला. कोणीच बदलला नाही, तर कारण विचारावे. उचल हेच कारण निघाले, तर करावयाचे काम भाव सांगण्याचे नसून कर्जाचे आहे, आणि ते संगणकाने एकट्याने होणारे नव्हे.

एक पथ्य मात्र पाळावे. चुकीचा भाव ऐकून कोणी गाडीभाडे भरून गेला, तर तो भुर्दंड प्रयोग करणाऱ्याने सोसावा. गरिबाची पोती ही परीक्षेची पाटी नव्हे.

शहरातल्या उद्योगात आज फसलेली परीक्षा उद्या पुन्हा घेता येते. तुरीचा हंगाम वर्षातून एकदाच येतो. नवी तूर डिसेंबरापासून बाजारात येऊ लागेल. जमिनीचा इसार अजून घेतला नसेल, तर वडिलांनी तो फेब्रुवारीपर्यंत लांबवावा आणि मुलाने वही घेऊन आडतीवर जाऊन बसावे.