वादातल्या विक्रीकराची तडजोड

कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या एखाद्या फाउंड्रीने २०१४ साली बेळगावला कास्टिंग पाठवले, पण खरेदीदाराकडून सवलतीच्या दरासाठी लागणारा ‘सी फॉर्म’ आला नाही. मग केंद्रीय विक्रीकर २ टक्क्यांऐवजी पूर्ण दराने लागतो. त्यावर व्याज आणि दंड चढतो. मालक अपिलात जातो आणि प्रकरण वर्षानुवर्षे रेंगाळते.

अशा गुंत्यातून सुटण्याची वाट महाराष्ट्र राज्याने २०१९, २०२२ आणि २०२३ च्या अभय योजनांनी दिली. २०२३ ची योजना ३० जून २०१७ पर्यंतच्या, म्हणजे जीएसटीपूर्व थकबाकीसाठी होती. वर्षाला २ लाखांपर्यंतची थकबाकी पूर्ण माफ झाली. आदेशानुसार ५० लाखांपर्यंत थकबाकी असेल, तर एकरकमी २० टक्के भरण्याची मुभा होती. म्हणजे ३० लाखांच्या मागणीत ६ लाख भरले की २४ लाख माफ.

मात्र त्यासाठी अपील आधी बिनशर्त मागे घ्यावे लागे. म्हणून अशी योजना पुन्हा आली तर अर्ज करण्यापूर्वी मूळ आदेश, अपिलाची पोच आणि भरलेली चलने कर सल्लागारासमोर ठेवा. बाजू भक्कम असेल तर लढा. कागदच नसतील तर तडजोडच शहाणपणाची. शेवटची तारीख चुकवू नका.